चढ नसलेली वाट

महाराष्ट्रात माणूस चालायला निघाला की वरच निघतो. सपाटीवर चालणं हे डॉक्टरांनी सांगितल्यावर करायचं काम. हौसेनं चालायचं ते डोंगरावर, आणि खाली उतरल्यावर आपण किती वर गेलो होतो ते चारचौघांना सांगायचं. आमच्या नाशिक जिल्ह्याला तर याबाबतीत देवानं जरा जास्तच दिलंय. हरिहरच्या उभ्या पायऱ्या आहेत, साल्हेर आहे, अंकाई-टंकाई आहेत, आणि जिल्ह्याच्या शिवेवर १६४६ मीटरची कळसूबाई उभी आहे. अलंग-मदन-कुलंग केलेला माणूस लग्नाच्या पंगतीतही ओळखू येतो. जिलबी यायच्या आत तो मदनच्या कड्याला दोर लावून मोकळा झालेला असतो आणि मठ्ठा येईपर्यंत डाव्या-उजव्या पानावरच्यांनाही वर ओढून घेतो.

अशा मंडळींत नांदूरमध्यमेश्वरचं नाव काढून कुणावर छाप पडत नाही.

"रविवारी कुठे होतात?"

"नांदूरमध्यमेश्वरला."

"गड आहे?"

"नाही, बंधारा आहे."

यापुढे संभाषण हवापाण्यावर जातं.

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा एकमेकींना भेटतात तिथं हा बंधारा आहे आणि त्याच्या मागं पसरलेल्या पाण्याभोवती पक्षी अभयारण्य. चापडगावच्या बाजूनं आत शिरलं की पाण्याकाठानं बाभळींमधून मातीच्या वाटा जातात. त्या वाटांना चढ नाही, उतार नाही, कडा नाही, दरी नाही. घाम येण्याची सोय नाही. संपूर्ण वाटेवरचं सगळ्यात मोठं गिर्यारोहण म्हणजे पक्षी बघायच्या मनोऱ्याचा जिना, आणि त्यालाही कठडा आहे. निफाड हे न्यायमूर्ती रानड्यांचं जन्मगाव. १८४२ साली ते इथं जन्मले. मवाळांच्या तालुक्यातली वाट अशी समजूतदार असणार, यात नवल करण्यासारखं काही नाही.

ट्रेकच्या जाहिरातींत 'सोपी', 'मध्यम', 'अवघड' अशा श्रेणी असतात. अनुभवी माणूस त्यातल्या 'सोपी'वर विश्वास ठेवत नाही, कारण ती श्रेणी लावणारा स्वतः कोकणकड्यावर दात घासणारा असतो. इथं मात्र ती खरी आहे. गुडघे बदललेले आजोबा, पहिलीतली नात आणि साडी नेसलेली मावशी ही तिघं एकाच वेगानं चालू शकतील अशा वाटा आपल्याकडे देवळांभोवती असतात. रानात फार थोड्या.

आमच्या मेहुण्याला मी इथं घेऊन आलो, त्यात माझा थोडा दुष्ट हेतू होता, हे कबूल केलेलं बरं. हा बायकोचा धाकटा भाऊ पट्टीचा डोंगरवेडा. पहाटे तो तयार होऊन आला तो असा: घोट्याच्या वर जाणारे बूट, दोन घडीच्या काठ्या, डोक्याला दिवा, पाठीवर नळीनं पाणी प्यायची पिशवी आणि खिशात क्षार-साखरेची पुडी. "दाजी, बेस कॅम्प किती वाजता सोडायचा?" असं त्यानं गाडीतच विचारलं. मी म्हटलं, बेस कॅम्प नाही, पार्किंग आहे.

थंडी मात्र त्याच्या तोडीची होती. डिसेंबर उजाडला की वर्तमानपत्रांत 'निफाडचा पारा घसरला' ही बातमी ठरलेली. पलीकडच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा दुसऱ्या दिवशी पुण्या-मुंबईची माणसं चहाबरोबर वाचतात आणि अंगावर शाल ओढून घेतात. तो आकडा फार खाली गेला की द्राक्षवाले शेतकरी रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. त्यामुळे पहाटे इकडे येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धूर दिसतो. धुकं कुठं संपलं आणि धूर कुठं सुरू झाला, ते सांगता येत नाही.

गेटवर गावातलाच एक तरुण गाईड भेटला. घरची द्राक्षाची बाग, सकाळी पक्षी दाखवायचे आणि दुपारी फवारणीला जायचं, असा त्याचा दिवस. त्यानं मेहुण्याच्या बुटांकडे आदरानं पाहिलं, काठ्यांकडे काळजीनं पाहिलं, आणि विचारलं, "दादा, कुठं पुढं जायचंय का तुम्हाला?"

मेहुणा ट्रेकच्या वेगानं सुटला. गाईड दहा पावलांत थांबला. "थांबा दादा. हालू नका."

समोर बाभळीच्या वठलेल्या फांदीवर एक खंड्या बसला होता. आता खंड्या काय, कुठल्याही विहिरीवर दिसतो. पण गाईड त्याच्याकडे असा बघत होता की पुढं जायला परवानगी मागावी लागली असती. मग दहा पावलं, मग पुन्हा "हालू नका". पाण्यातल्या गवतात जांभळी पाणकोंबडी निघाली. लाल चोच, लाल कपाळ, अंगावर निळा-जांभळा शालू, आणि पायांची बोटं इतकी लांब की तीच त्यांत अडकून पडेल अशी शंका यावी. तिच्या पलीकडे कमळपक्षी तरंगत्या पानांवरून चालत होता. त्यालाही बोटं तशीच लांब. वजन पसरलं जातं, म्हणून पान बुडत नाही, असं गाईडनं सांगितलं.

आणि इथं मेहुण्याच्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं. बराच वेळ बसून आहात, उठा, थोडं चाला, असा त्याचा संदेश होता.

पुढचे दोन तास हे असंच चाललं. घड्याळ म्हणे हाला, गाईड म्हणे हालू नका. मेहुण्याची अवस्था सासू आणि आई यांच्यामध्ये सापडलेल्या नव्या नवऱ्याची झाली होती. त्याला रोज दहा हजार पावलं टाकायची असतात. हा दहा हजारांचा आकडा कुठल्या वैद्यकशास्त्रातून आला असेल असं त्याला वाटत होतं; मला आठवत होतं ते हे की १९६५ च्या सुमारास जपानमध्ये एक पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक, आणि आकडा तिथून जगभर चालत गेला. विक्रीसाठी सोयीचा, गोल आकडा. हे मी त्याला सांगितलं. त्याचं तोंड असं झालं की मी विषय बदलून चमच्याकडे बोट दाखवलं.

चमच्या हा पक्षी डोंगरवेड्या माणसांना मुद्दाम दाखवावा. पांढराशुभ्र, टोकाला पसरट झालेली चोच पाण्यात बुडवून ती डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत तो उथळ पाण्यातून पुढं सरकतो. चोचीला काही लागलं की मिटतो. समोर कुठं पोचायचंय असं त्याच्या चालण्यात काही नाही. पाण्याच्या या टोकाला गेला की वळतो आणि पुन्हा त्याच चिखलातून परत येतो. त्याचा रस्ताच त्याचं ताट आहे.

या सगळ्या उथळपणाची गोष्ट मला फार आवडते. इथला दगडी बंधारा १९०७ ते १९१३ या काळात बांधला गेला, तो पक्ष्यांसाठी नव्हे. गोदावरीचं पाणी अडवून डाव्या-उजव्या कालव्यांनी कोपरगाव-राहात्याकडच्या कोरड्या जमिनींना द्यायचं, हा हेतू. पाणी गेलं, ऊस झाला, साखर झाली, त्यापाठोपाठ राजकारणही झालं. इकडे बंधाऱ्यामागं नदी आपलं काम करत राहिली: वरून आणलेली माती वर्षानुवर्षं तळाशी सोडायची. गाळ साचला. पाणी उथळ झालं, मध्ये बेटं वर आली, बेटांवर गवत आणि झुडपं माजली. बंधारा बांधणाऱ्याच्या हिशेबी हे सगळं नुकसान. पण ज्याला वीतभर पाण्यात उभं राहून जेवायचंय त्याला दुसरं काय हवं? १९८६ साली अभयारण्य झालं. पुढं, पाणथळ जागा जपण्यासाठी इराणमधल्या रामसर या गावी १९७१ साली जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या यादीत महाराष्ट्रातून पहिलं नाव गेलं ते याच गाळाचं. लोणार आणि ठाण्याची खाडी त्यानंतर. भरतपूरच्या घना राष्ट्रीय उद्यानाशी याची तुलना करतात, आणि ती तुलना सालिम अलींच्या नावावर सांगतात. भरतपूरही मूळचं माणसानंच बांध घालून पाणी अडवलेलं, संस्थानिकांच्या बदकांच्या शिकारीसाठी. तिथं तर १९३८ साली व्हाइसरॉयच्या एका शिकारीत एका दिवसात चार हजारांवर पक्षी पडले होते. इथला इतिहास निदान उसापुरता गोड आहे.

गाळात कोण कुठं उभं राहणार हे पायांच्या लांबीवर आणि मानेच्या लांबीवर ठरतं. शेकाट्याचे गुलाबी पाय लांबच लांब, म्हणून तो थोडा आत. तुतवार आखूड पायांचा, म्हणून काठाच्या चिखलात धावपळ करणारा. तलवार बदक शेपूट वर, डोकं खाली करून, मान पोचेल तेवढ्या खोलीवरचं खातं. टिबुकलीला खोलीचं काही नाही, ती बुडते आणि भलतीकडेच निघते. कालव्याला आवर्तन सुटलं की पाण्याची पातळी खाली जाते, नवा चिखल उघडा पडतो आणि सगळ्यांचे पत्ते बदलतात. त्यामुळे गेल्या महिन्यात जिथं शराटी होते तिथं ते या महिन्यात असतीलच असं नाही. गाईडला रोज सकाळी पाहून यावं लागतं. पाटबंधाऱ्याचं वेळापत्रक पाठ असलेला पक्षीतज्ज्ञ मी इथंच पाहिला.

मराठवाड्यातल्या वाचकांना नांदूरमध्यमेश्वर हे नाव वेगळ्याच कारणानं ठाऊक असतं. पावसाळ्यात रोजच्या बातमीत ते एका आकड्याला चिकटून येतं: इतके इतके क्युसेक विसर्ग जायकवाडीकडे. तो आकडा वाढला की पैठणकर हसतात आणि कमी झाला की नाशिक-नगरकडे संशयानं पाहतात. त्या आकड्याच्या मागं चमच्या पक्षी चरत असतात, याची त्या बातमीत कधी नोंद नसते. असो. पाणीवाटपाच्या भांडणात पक्ष्यांना ओढू नये. त्यांचा वकील नाही.

मनोऱ्यावर पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. पाण्याच्या मधोमध काळ्या पक्ष्यांचा मोठा थवा तरंगत होता. त्यांना इकडे वारकरी म्हणतात. अंग काळं, कपाळावर पांढरा टिळा. चालही दिंडीचीच, एकट्यानं कधी नाही. जेवणही बहुतेक पाण्यातल्या वनस्पतींचं. पण एखादा दलदलीवर घिरट्या घालणारा भोवत्या वरून आला की ही शांत मंडळी एकदम पाण्यावरून पाय आपटत पळू लागतात, कारण त्यांना बसल्या जागेवरून उडता येत नाही. पाण्यावर धाव घ्यावी लागते. तो आवाज बरीच मिनिटं कानात राहतो. मेहुण्यानं तेव्हा पहिल्यांदा काठ्या बाजूला ठेवल्या आणि दुर्बीण मागितली.

आणि मग चक्रवाक. बेटाच्या कडेला केशरी-बदामी रंगाची एक जोडी उभी होती. एक झोपलेला, एक झोपायच्या बेतात. या पक्ष्याचं संस्कृत कवींनी फार वाटोळं केलंय. दिवसा जोडीनं राहायचं आणि रात्री शापामुळं ताटातूट होऊन नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना हाका मारायच्या, ही नेमणूक त्याला दीड हजारांहून जास्त वर्षांपूर्वी मिळाली, आणि त्यानं ती मागितल्याचं कुठं दिसत नाही.

"हे हिमालयावरून येतं," गाईड म्हणाला.

मेहुणा दुर्बिणीतून डोळे न काढता म्हणाला, "कुठल्या खिंडीतनं?"

खिंड गाईडला ठाऊक नव्हती, पण प्रश्न योग्य होता. चक्रवाक उन्हाळ्यात लडाख, तिबेट, मध्य आशिया अशा भागांत वीण करतो आणि हिवाळ्यात खाली येतो. शास्त्रज्ञांनी काही चक्रवाकांच्या पाठीवर उपग्रहाला कळवणारी यंत्रं बांधली, तेव्हा हिमालय ओलांडताना त्यांनी ६८०० मीटरपर्यंतची उंची गाठलेली आढळली. कळसूबाईच्या चौपटीहून जास्त. दोर नाही, काठ्या नाहीत, क्षार-साखरेची पुडी नाही. आणि एवढं करून हा प्राणी निफाड तालुक्यातल्या गाळात येऊन एका पायावर झोपतो. शेजारच्या वारकऱ्यांना एका शब्दानं काही सांगत नाही.

मेहुणा बराच वेळ बोलला नाही. मी त्याचा फोटो काढला. त्याच्या शिखरांवरच्या फोटोंपेक्षा हा मला बरा वाटतो.

आता थोडं कटू. सोप्या वाटेचा एक तोटा असा की तिथं कुणीही येऊ शकतं, आणि येतं. आमच्या मागून एक मोठं कुटुंब आलं. हौशी, प्रेमळ माणसं; डबा उघडून त्यांनी आम्हालाही साबुदाणा वडा दिला. पण त्यांच्यातल्या एका तरुणानं पिशवीतून स्पीकर काढला आणि गाणं लावलं. अर्धा जलाशय उठला आणि कादवेच्या बाजूला जाऊन बसला. गाईडनं हात जोडले, तरुणानं लगेच बंद केलं, शरमलाही. त्याला दोष देता येत नाही. गडावर गेल्यावर आपण आरोळी ठोकतोच, आणि गड उडून जात नाही. कुटुंबातल्या आजोबांनी विचारलं, "इथं प्राणी काय काय आहेत?" गाईडनं मुंगूस सांगितलं, कोल्हा सांगितला, आणि मग सहज म्हणाला की उसात बिबट्या असतो. निफाडच्या उसात तो असतो, हे खरंच आहे. त्यानंतर त्या कुटुंबाची लहान मुलं कुणी न सांगता मोठ्यांचं बोट धरून चालू लागली.

दुसरं कटू जास्त खरं. नाशिक शहराचं सांडपाणी गोदावरीत जातं, त्यावर पाणवेली पोसल्या जातात, आणि पावसाळ्यात त्या वाहत वाहत सायखेड्याच्या पुलाला अडकतात, मग बंधाऱ्याकडे येतात. त्या पसरल्या की त्याखालचं पाणी मरतं. जांभळ्या फुलांमुळे फोटो सुंदर येतो, आणि तोच फोटो लोक 'निसर्गरम्य' म्हणून एकमेकांना पाठवतात. इथला गाळ शंभर वर्षांत पक्ष्यांच्या कामी आला. ही घाण तशी कामी येईल अशी आशा मला नाही. गोदावरीलाच गंगा म्हणून तिथं स्नान करून पुण्य मिळवणाऱ्या आपण नाशिककरांनी एकदा इथवर खाली येऊन, आपलं काय काय वाहून येतं ते बघावं. वाट सोपी आहे, न येण्याला सबब नाही.

परतताना मेहुण्याच्या घड्याळात चार हजार पावलंही भरली नव्हती. त्याला याचं वाईट वाटलं असेल असं समजून मी म्हटलं, पुढच्या वेळी हरिहरला जाऊ. तो म्हणाला, "दाजी, तो झोपलेला उठला का हो शेवटी?" मी बघितलं नव्हतं.

तुम्हाला यायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारीत या आणि सूर्य उगवायच्या आत गेटवर असा; ऊन तापलं की पक्षीही दूर सरकतात आणि माणसंही वैतागतात. पांढरे, भडक कपडे घरी ठेवा, स्पीकरही. गावातला गाईड अवश्य घ्या आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. त्याच्याशिवाय तुम्हाला तेच पाणी दिसेल, पण रिकामं. दुर्बीण नसली तरी चालेल, त्यांच्याकडे मिळते. गुडघ्यांची काळजी नको. काळजी करायची ती कानांची: निफाडच्या पहाटेला नुसता स्वेटर पुरत नाही, कानटोपी आणा.